डॉ. अय्यंगारांना दालनातून हलवू नका : विज्ञान दालनाच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय विश्वस्त मंडळ,
विज्ञान दालन, नवी मुंबई.

विषय : डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या जीवनकार्याचे फलक व वर्णपटमापकाची प्रतिकृती हटवण्याचा निर्णय

स. न. वि. वि.

दालनाच्या नूतनीकरणाविषयी आपण प्रवेशद्वाराशी जी सूचना लावली आहे, तिच्यानुसार अणुविज्ञान विभागातील अणुभौतिकशास्त्रज्ञ डॉ. पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार यांच्यावरचे फलक उतरवले जाणार आहेत, त्यांच्यासमोरची तीन अक्षांच्या न्यूट्रॉन वर्णपटमापकाची (न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्राची) चालती प्रतिकृती गोदामात जाणार आहे आणि त्या जागी पोखरणच्या अणुचाचणीवरचा माहितीपट दाखवणारा मोठा पडदा बसणार आहे. या निर्णयाची कारणे विचारणारी पत्रे मी आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेल्या काही ज्येष्ठांनी कार्यालयात दिली. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. तोंडी मात्र दोन कारणे सांगण्यात आली. हे नाव विद्यार्थ्यांच्या ओळखीचे नाही हे एक, आणि ही व्यक्ती वादग्रस्त आहे हे दुसरे. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत. दालन लोकांच्या देणग्यांतून उभे राहिले असल्यामुळे ती का मान्य नाहीत हे लोकांसमोरच मांडावे, असे ठरवून हे पत्र खुले करत आहे.

या विषयाशी माझा संबंध काय, ते आधी स्पष्ट करते. मी वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि दरवर्षी अकरावीची मुले घेऊन आपल्या दालनात आले. माझे वडील ट्रॉम्बेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. अप्सरा आणि सायरस या अणुभट्ट्यांवर बसवलेल्या उपकरणांचे सुटे भाग त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हातांखालून गेले. ज्या प्रतिकृतीला आपण गोदाम दाखवणार आहात, ती याच सोबत्यांपैकी काहींनी निवृत्तीनंतर तुर्भे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात, रविवारी लेथ मोकळा असे तेव्हा, पदरमोड करून बनवली. त्यांतले काही जण, आणि माझे वडीलही, आज हयात नाहीत. म्हणून मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. पण पुढे जे लिहिते आहे त्याला नात्यागोत्याचा आधार लागत नाही.

नाव ओळखीचे नाही, हा आपला पहिला मुद्दा. विद्यार्थ्यांना नाव माहीत नसणे हे मला फलक ठेवण्याचे कारण वाटते, काढण्याचे नव्हे. भाभांचे नाव मुलांना पाठ्यपुस्तकातून कळतेच. भाभांनी उभारलेल्या संस्थेत प्रत्यक्ष भौतिकशास्त्र कोणी केले आणि ते कसे केले, हे त्यांना सांगणारी जागा खाडीच्या अलीकडे आपल्या दालनाखेरीज माझ्या पाहण्यात नाही. वाशीच्या खाडीपुलावरून रोज ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पलीकडे काय घडले हे आपल्या मुलांना ठाऊक नसेल, तर त्याची जबाबदारी आपल्यासारख्यांवर आणि माझ्यासारख्या शिक्षकांवर येते.

अय्यंगारांचा जन्म १९३१ साली तिरुनेलवेलीत झाला. १९५२ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि ट्रॉम्बेची आस्थापना आकार घेऊ लागली तेव्हा तिकडे गेले. १९५६ मध्ये त्यांना कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुसंशोधन प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करण्याची संधी मिळाली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला ट्रॉम्बेत अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टी मिळाली, पण तिच्यातून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांचे काय करायचे हे जाणणारी माणसे देशात बोटांवर मोजण्याइतकीच होती, आणि ती घडवण्याचे काम पुढची अनेक वर्षे या माणसाने केले.

चॉक रिव्हरला ते काय शिकले, हे आपल्या फलकांवर अतिशय सोप्या भाषेत लिहिले आहे आणि शिक्षिका या नात्याने मला तो मजकूर मोलाचा वाटतो. घन पदार्थातले अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात. शेजारचा अणू हलला की त्याच्यालगतचा हलतो, आणि अशा रीतीने संपूर्ण स्फटिकातून कंपनांच्या लाटा जात राहतात. पदार्थ उष्णता कशी वाहून नेतो, तापवल्यावर त्याचे गुणधर्म कसे बदलतात, हे पुष्कळ अंशी या लाटांवर ठरते. त्या मोजायच्या कशा, हा प्रश्न होता. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढी असते खरी, पण त्यांची ऊर्जा काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि कंपनांची ऊर्जा असते एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या काही शतांश भागाएवढी. इतक्या मोठ्या ऊर्जेत इतका लहान फरक त्या काळी पकडता येत नव्हता. अणुभट्टीतल्या मंदावलेल्या न्यूट्रॉनांची गोष्ट वेगळी आहे : त्यांची तरंगलांबीही अणूंमधल्या अंतराशी जुळते आणि ऊर्जाही कंपनांच्या ऊर्जेशी. म्हणून स्फटिकात शिरलेला न्यूट्रॉन बाहेर पडताना किती ऊर्जा देऊन गेला किंवा घेऊन गेला, हे मोजले की आतल्या कंपनांचा हिशेब लागतो.

हा हिशेब लावणारे ब्रॉकहाउस यांचे यंत्र म्हणजे तीन अक्षांचा वर्णपटमापक. पहिल्या अक्षावरचा स्फटिक अणुभट्टीतून येणाऱ्या झोतातून एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडतो, दुसऱ्या अक्षावर तपासायचा पदार्थ असतो, आणि तिसऱ्या अक्षावरचा स्फटिक बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनांची ऊर्जा ओळखतो. याच तंत्राच्या जडणघडणीच्या दिवसांत ब्रॉकहाउस आणि अय्यंगार यांनी जर्मेनियमच्या स्फटिकातली कंपने मोजली. ट्रान्झिस्टरचा जमाना नुकता सुरू झाला होता आणि जर्मेनियम हा त्या काळचा महत्त्वाचा अर्धवाहक होता. दोघांच्या नावाने १९५८ साली प्रसिद्ध झालेला तो शोधनिबंध या क्षेत्रातल्या पायाभूत कामांत गणला जातो. न्यूट्रॉन वर्णपटशास्त्राच्या विकासासाठी ब्रॉकहाउस यांना १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते क्लिफर्ड शल यांच्यासह विभागून. नोबेलपर्यंत पोहोचलेल्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्याचा हात होता, असा माणूस आपल्या खाडीपलीकडे पुढची अनेक वर्षे काम करत होता. हे नाव मुलांच्या ओळखीचे नाही म्हणून काढून टाकायचे?

परत आल्यावर अय्यंगारांनी केले ते मला त्याहून मोठे वाटते. परकीय चलनाची चणचण होती, आणि अशी उपकरणे दुकानात विकत मिळतही नव्हती. म्हणून त्यांच्या गटाने अप्सरेवर आणि १९६० मध्ये सुरू झालेल्या सायरसवर लागणारे वर्णपटमापक ट्रॉम्बेतच बनवले. न्यूट्रॉन मोजणारा गणक पॅराफिन मेण आणि कॅडमियम यांच्या जाड कवचात ठेवावा लागतो, नाहीतर इकडचे तिकडचे न्यूट्रॉन त्यात शिरून मोजणी बिघडवतात. हे जडच्या जड पिंप लांब भुजेच्या टोकाला धरून अंशाच्या लहानशा भागाने फिरवायचे आणि तरी ते जराही डगमगू द्यायचे नाही, अशी ती मागणी होती. बाबा सांगत की बेअरिंगची बैठक लेथवरून उतरल्यावर खरे काम सुरू व्हायचे. निळा रंग लावून जोडभाग त्यावर फिरवायचा, रंग जिथे पुसला जाईल तो उंचवटा समजून तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा रंग लावायचा, पुन्हा फिरवायचा. रंगाचे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत हेच. ज्या शोधनिबंधांत पुढे वक्र आणि आकडे छापून आले, त्यांच्या खाली ही खरवड होती. याच गटाने घडवलेला वर्णपटमापक १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने फिलिपिन्सला गेला आणि तिथल्या अणुभट्टीवर आशियातल्या इतर देशांचे संशोधक त्यावर शिकले. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षांच्या आत भारताने प्रगत संशोधनाचे उपकरण दुसऱ्या देशाला द्यावे, ही गोष्ट आपल्या फलकावर अवघ्या एका ओळीत आहे. ती वाढवायला हवी होती.

माझा दुसरा आक्षेप याच्याशी जोडलेला आहे. पडद्यावर फक्त पोखरण दाखवले की अणुभौतिकशास्त्रज्ञ म्हणजे बॉम्ब करणारा, एवढेच मुलांच्या डोक्यात राहते. अय्यंगारांचा पोखरणशी संबंध होता आणि तो फलकांवर आहेच, त्याला माझी हरकत नाही. रशियातील दुब्ना येथील स्पंदित अणुभट्टीवरून प्रेरणा घेऊन त्यांच्या पुढाकाराने ट्रॉम्बेत ‘पूर्णिमा’ उभी राहिली. प्लुटोनियमच्या इंधनावर, जलद न्यूट्रॉनांनी चालणारी आणि अगदी अल्प शक्तीची ही प्रायोगिक अणुभट्टी मे १९७२ मध्ये सुरू झाली. प्लुटोनियम कसे वागते याचे जे ज्ञान तिच्यातून मिळाले ते १८ मे १९७४ च्या चाचणीच्या तयारीत कामी आले. राजा रामण्णा यांच्या नेतृत्वाखालच्या त्या चमूत अय्यंगार महत्त्वाच्या स्थानी होते आणि १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पण भटनागर पारितोषिक त्यांना त्याआधीच, १९७१ मध्ये, भौतिकशास्त्रातल्या कामासाठी मिळाले होते. माहितीपटात हा क्रम उलटतो, नव्हे, पहिला भाग गळूनच जातो.

आणि तिसरा भागही गळतो. १९८४ मध्ये ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी ध्रुव अणुभट्टी सुरू झाली. सुरू होताच तिच्या इंधनजुळणीत कंपने जाणवू लागली आणि ती थांबवून दुरुस्त करावी लागली. दोष ट्रॉम्बेतच शोधला गेला, ट्रॉम्बेतच दूर झाला, आणि १९८८ मध्ये ध्रुव पूर्ण शक्तीने चालू लागली. देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक न्यूट्रॉन झोतावर प्रयोग करायला ध्रुवकडे येत आले आहेत. ध्रुवमध्ये तयार होणाऱ्या किरणोत्सारी समस्थानिकांपासून रुग्णालयांसाठी औषधे बनवण्याचे काम आपल्या वाशीतल्या संकुलात चालते. ते करणारे ‘ब्रिट’ (किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ) हे मंडळ १९८९ साली, अय्यंगार संचालक असतानाच, स्थापन झाले. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन घेणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु नवी मुंबईतल्या विज्ञान दालनाने ते सांगायला हवे.

आता ‘वादग्रस्त’ या शब्दाकडे येते. निवृत्तीनंतर अय्यंगारांनी सरकारला आणि आपल्याच जुन्या सहकाऱ्यांना न रुचणारी मते जाहीरपणे मांडली, हे खरे आहे. मे १९९८ मध्ये पोखरणला झालेल्या औष्णिक अणुकेंद्रीय (हायड्रोजन बॉम्बच्या) स्फोटाची शक्ती जाहीर केल्याइतकी होती का, याबद्दल त्यांनी शंका घेतली. चाचणीच्या वेळी आयोगाचे अध्यक्ष असलेले डॉ. चिदंबरम आणि भाभा केंद्राचे संचालक असलेले डॉ. काकोडकर यांनी ती शंका मोजमापांचे दाखले देऊन फेटाळली. २००८ च्या भारत-अमेरिका अणुकराराला अय्यंगारांनी उघड विरोध केला, कारण त्या करारामुळे देशाची स्वतंत्रपणे चाचण्या करण्याची आणि संशोधनाची मोकळीक जाईल असे त्यांचे मत होते. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद १९९० ते १९९३ या काळात भूषवलेला माणूस आयोगाच्याच भूमिकेविरुद्ध बोलत होता. त्यांचे म्हणणे बरोबर होते की नव्हते, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला स्वतःला करार योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. तरीसुद्धा, सर्वोच्च पदावर राहिलेल्या शास्त्रज्ञाने निवृत्तीनंतर गप्प न बसता आकड्यांच्या आधारे प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आकड्यांनीच उत्तर द्यावे, याहून चांगला धडा आपण मुलांना कोणता देणार आहात?

आणखी एका प्रकरणाचा उल्लेख आपल्या फलकांवर नाही, तो मी करते. मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतील यूटा येथे फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी साध्या विद्युतघटात, सामान्य तापमानाला अणुकेंद्रांचे मीलन, म्हणजे ‘शीत मीलन’, घडवल्याचा दावा केला. अय्यंगारांनी तो गांभीर्याने घेतला, ट्रॉम्बेतल्या वेगवेगळ्या गटांना कामाला लावले, आणि मीलनाची खूण मानले जाणारे न्यूट्रॉन व ट्रिशियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) सापडल्याचे अहवाल काही महिन्यांतच तिथून प्रसिद्ध झाले. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांना असे निष्कर्ष खात्रीने पुन्हा मिळवता आले नाहीत आणि मुख्य प्रवाहातल्या भौतिकशास्त्राने तो दावा नाकारला. अय्यंगारांचा त्यावरचा विश्वास मात्र पुढेही टिकून राहिला. माझ्या मते तिथे त्यांचा अंदाज चुकला. पण म्हणून त्यांचे चित्र भिंतीवरून उतरवायचे नसते. जर्मेनियमची मोजमापे का टिकली आणि शीत मीलनाची का टिकली नाहीत, हे दोन फलक शेजारी शेजारी लावून दाखवले, तर प्रयोग पुन्हा करून पाहणे म्हणजे काय हे अकरावीच्या मुलाला एका फेरीत कळेल. मी वर्गात ते अनेकदा फळ्यावर सांगितले आहे. समोर पुरावा असता तर ते किती सोपे झाले असते.

राहता राहिली प्रतिकृती. ती जुनाट दिसते, असे आपल्या कार्यालयात मला सांगण्यात आले. विश्वस्तांपैकी कोणी तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आहे का, हे मी नम्रपणे विचारते. तिच्यात न्यूट्रॉनांऐवजी प्रकाश आहे आणि स्फटिकांऐवजी प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची विवर्तन जाळी. पहिली भुजा फिरवून पांढऱ्या दिव्यातला निळा रंग निवडायचा, तो मधल्या चकतीवरच्या चमकणाऱ्या ॲक्रिलिकच्या तुकड्यावर पाडायचा, आणि तिसरी भुजा फिरवत बाहेर काय येते ते पाहायचे. पितळी तबकडीवर अंश कोरलेले आहेत आणि शेवटी एक साधी काट्याची मापनी आहे. नेरूळच्या एका शाळेतली मुलगी तिसरी भुजा अर्ध्या अर्ध्या अंशाने सरकवत होती आणि तिची मैत्रीण वहीत काट्याचे आकडे लिहीत होती, ते मी शेजारी उभी राहून पाहिले आहे. निळ्याच्या जागी काटा थोडा उचलला, मग पडला, आणि पुढे हिरव्याच्या जागी पुष्कळच वर गेला. “बाई, आत गेला निळा आणि बाहेर आला हिरवा, मग मधली ऊर्जा कुठे गेली?” असे तिने मला विचारले. चॉक रिव्हरमध्ये जर्मेनियमच्या स्फटिकाला नेमके हेच विचारले गेले होते. पडद्यासमोर बसलेल्या मुलाच्या हातात फिरवायला काही नसते, म्हणून हा प्रश्न त्याला पडण्याची शक्यता फार कमी आहे.

निर्णयाच्या पद्धतीबद्दल थोडक्यात लिहिते. प्रतिकृती ज्यांनी दिली त्यांना विचारले गेले नाही. दालनाच्या शैक्षणिक सल्लागारांची बैठक झाली होती का आणि तिच्यात काय ठरले, हे सूचनेत नाही. फलकांचा मजकूर लिहिणाऱ्या निवृत्त शास्त्रज्ञांना ही बातमी आमच्याकडून कळली.

म्हणून माझ्या आणि या पत्राला संमती देणाऱ्या ज्येष्ठांच्या मागण्या अशा आहेत. अय्यंगारांवरचे फलक आणि प्रतिकृती हटवण्याचे काम, मंडळाची पुढील बैठक होऊन तिथे आम्हाला म्हणणे मांडू दिले जाईपर्यंत, थांबवावे. निर्णयाची कारणे लेखी द्यावीत. माहितीपटाचा पडदा बसवायचाच असेल तर तो उपाहारगृहाशेजारच्या रिकाम्या भिंतीवर बसवावा. ती जागा त्यासाठी पुरेशी आहे. फलकांत तीन गोष्टींची भर घालावी : फिलिपिन्सला गेलेल्या वर्णपटमापकाची हकिगत, शीत मीलनाचे प्रकरण, आणि १९९८ व २००८ च्या वादांत दोन्ही बाजूंनी मांडलेले मुद्दे. हा मजकूर मी आणि माझे सहकारी विनामूल्य लिहून देऊ आणि आपण नेमाल त्या तज्ज्ञाकडून तो तपासून घ्यावा. प्रतिकृतीच्या देखभालीचा खर्च ही अडचण असेल तर तेही स्पष्ट सांगावे. तिचे बेअरिंग बदलण्याची आणि दिवा नवीन बसवण्याची तयारी तुर्भ्याच्या त्याच कारखान्याने दाखवली आहे. प्रतिकृतीखालच्या पट्टीवर ती बनवणाऱ्या कारागिरांची नावे, त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने, कोरावीत. आज तिथे ‘सप्रेम भेट’ एवढेच लिहिलेले आहे.

डॉ. अय्यंगार २१ डिसेंबर २०११ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या स्मृतिदिनी दरवर्षी एका शाळेतल्या मुलांना त्या वर्णपटमापकावर प्रत्यक्ष मोजमापे घेऊ द्यावीत, असा एक प्रस्तावही या पत्रासोबत देत आहे. त्या दिवशी शिकवायला मी येईन, आणि ट्रॉम्बेतून निवृत्त झालेले माझे दोन सहकारीही येतील.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
नेरूळ, नवी मुंबई